आधी पत्रा, मग रंग

रविवार. पावसाला उसंत नाही.

आज दुरुस्तीला काढलेल्या माझ्या जुन्या फियाटच्या ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचकटलं. वर रबर, त्याखाली नमदा म्हणजे जाड मऊ अस्तर आणि त्याखाली पत्रा, असं असायला हवं होतं. पत्र्याच्या जागी तपकिरी पापुद्रे हाताला लागले. नमदा पिळला तर पाणी गळलं, आणि गाडी कित्येक दिवसांत शेडबाहेर काढलेलीच नाही, म्हणजे आधीच्या पावसाचं पाणी अजून आत मुरलेलं. लेक टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली होती. खालून तिचा आवाज आला, "पप्पा, तुमचं बोट दिसतंय मला!"

पाणी येतंय कुठून, ते शोधण्यात सकाळ गेली. पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर मगानं हळूहळू पाणी ओतत राहिलो आणि लेकीला आत डॅशबोर्डखाली बसवलं. डाव्या बाजूला काही नाही. उजव्या कोपऱ्यात मात्र काचेचं रबर कडक होऊन आकसलंय. तिथून धार आत उतरते, बाजूच्या पत्र्याआडून थेट नमद्यात. वरून गाडी कोरडीठाक दिसते आणि खाली पत्रा कुजत असतो.

गाडी 1968 सालची फियाट 1100 डिलाइट. प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं हे मॉडेल 1964 मध्ये आणलं, पुढं त्याचीच पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअर. इंजिनाचं सगळे विचारतात, पण या गाडीचा जीव पत्र्यात आहे. जीप-ट्रकसारखी हिला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, खांब, टप हे सगळं मिळून भार पेलतं. म्हणजे फ्लोअरला पडलेलं भोक मॅटिंगखाली झाकून चालत नाही. ज्यावर गाडी उभी आहे तेच कमी झालेलं असतं.

म्हणूनच "भावा, आधी रंग मार की, लुक येतोय" हे ऐकलं की मला राग येतो. जुन्या गाड्यांचं जेवढं वाटोळं गंजानं केलं नाही तेवढं घाईच्या रंगानं केलंय. फ्रिजवरचं चुंबक दाराच्या खालच्या कडेला लावून बघितलं, टिकलंच नाही, घसरून पडलं. खरवडलं तर बोटभर जाडीची लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, निघाली. कुणीतरी कधीतरी गंजावरच थापून वर झकास रंग मारलेला. लांबी ओल धरते, त्यामुळं आतला गंज झाकलेला राहून निवांत वाढत गेला. आणि मूळ कारण काय, तर दारात शिरलेलं पाणी खाली निघून जावं म्हणून ठेवलेली भोकं पाल्या-मातीनं बुजलेली. एक तार घालून ती मोकळी केली असती तर दार वाचलं असतं.

कापायचं किती, ते ठरवायला हातोडीच्या मागच्या टोकानं ठोकत गेलो. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला नुसता धप वाजतो. चांगला पत्रा लागेपर्यंत खडूनं रेघ वाढवत नेली. आता 20 गेज जाडीच्या पत्र्याचा तुकडा त्या मापात बसवायचा. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग मारलं की उष्णतेनं तो लाटा मारतो, म्हणून एक टाका इथं, पुढचा लांब तिथं, मध्ये थंड होऊ द्यायचं. हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही. भंगारातल्या बॉनेटचे तुकडे जोडत शिकलो, आणि अजून शिकतोय.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट असले लोखंडी भाग मात्र काकवीत आहेत. एक भाग काकवी आणि आठ-नऊ भाग पाणी. त्यात दोन-तीन आठवडे भाग बुडवून ठेवले की गंज सुटतो आणि खालचं लोखंड शाबूत राहतं. ॲल्युमिनियम मात्र त्यात कधी टाकू नये, ते खाल्लं जातं. गुऱ्हाळांच्या जिल्ह्यात राहून महागडी रसायनं कशाला आणायची? फक्त पिंप आंबतं, वास सुटतो, माश्या येतात. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, "काय सडायलंय रे तुमच्यात?" पिंप आज मागच्या भिंतीकडं सरकवलं आणि घट्ट झाकण लावलं. आज बाहेर काढलेली दाराची बिजागरी ब्रशनं धुतली, तर करडं, स्वच्छ लोखंड निघालं आणि त्यावर कारखान्यातल्या ठोक्याची खूण. किती तरी वेळ ती हातात धरून बसलो होतो.

काल संध्याकाळी कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, लेथ-कारखान्यांच्या भागात, जाऊन आलो. कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलचा दांडा जिथं फिरतो तिथं झीज झालीय, तिथून फालतू हवा ओढली जाते आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाची संथ लय, काही केल्या बसत नाही. टर्नर मामांनी दांडा चिमटीत धरून हलवला आणि म्हणाले, "ह्यो दांडा बरा हाय, घर मोठं झालंय. पितळी बुश ठोकूया." मग मायक्रोमीटर काढला. ज्या गावात म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी ऑइल इंजिनं घडवली, तिथं मिळत नसलेला भाग बनवून घेता येतो, याचं मोल बाहेरच्या मित्रांशी बोलताना कळतं. मी स्वतः शिकलो म्हणतो खरं, पण त्यातलं निम्मं या लेथांशेजारी उभं राहून शिकलोय.

नोंदणीचंही एकदाचं ठरवून टाकलं. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. दसऱ्याला दसरा चौकात कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी गाडी येते, ती बघायला लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसायचो. जुनी गाडी रस्त्यावर चालताना बघायची असते, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय. मला ही फियाट जोतिबाच्या चढाला घालायचीय, भर उन्हात, आईला पुढं बसवून. तेव्हा साधी नोंदणीच ठेवणार आणि पाच-पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण करत राहणार.

आता क्रम असा: आधी काचेचं नवं रबर, मग फ्लोअर. पाणी थांबल्याशिवाय नवा पत्रा लावणार नाही. जोडाला झिंकचा प्रायमर, खालून अंडरकोट, पोकळ भागांत मेण. रंग कुठला द्यायचा यावर घरात वाद चालू आहे. लेकीला निळा हवाय, आईला मूळचाच पांढरा. चालू दे वाद, रंगाला अजून पुष्कळ वेळ आहे.