गृहशास्त्र घेऊन पुढं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

यंदा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, एका गृहस्थांनी मला गाठलं. यंत्रमागावर कामाला असतात, थोरली मुलगी आमच्याच शाळेत दहावीला. एका हातात धाकट्याचं बोट, दुसऱ्या हातात चिरमुऱ्याची पिशवी, मागं पाळण्यांचा आणि भोंग्यांचा गोंगाट. ओरडूनच विचारलं त्यांनी, "काय ओ बाई, पोरगी म्हणलालीय अकरावीला तुमचं ते गृहशास्त्र घेते. घेऊन पुढं काय?"

"शाळेत या, निवांत बोलू," म्हटलं. ते काही आले नाहीत. पण प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. हा विषय शिकवायला लागून चोवीस वर्षं झाली, पालक विचारतात, शेजारी विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी बायका विचारतात. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं. वर हसून म्हणाले, "वरण-भात तर घरी पण शिकतात की." भूगोल शिकवणाऱ्या आमच्या सरांना असं कुणी विचारत नाही. घाटमाथ्यावर किती पाऊस पडतो ते शिकून पुढं काय, असा प्रश्न मी तरी ऐकलेला नाही. असो. हा वाद मी पालकांशी घालत नाही, कारण फीचे पैसे त्यांच्या खिशातून जातात आणि पोरीच्या लग्नाचं दडपणही त्यांच्याच डोक्यावर असतं.

तेव्हा आधी सरळ उत्तर. नुसत्या बारावीच्या गृहशास्त्रावर नोकरी लागत नाही. मी हे प्रवेशाच्या दिवशीच सांगते. आहारतज्ज्ञ व्हायचं तर पुढं पोषणशास्त्राची पदवी लागते आणि पदवीनंतरही शिकावं लागतं. बारावीनंतर सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन भिंतीवर 'डायटिशियन' अशी पाटी लावता येते, पण दवाखान्यात ती चालत नाही. अंगणवाडी सेविका व्हायला आता बारावी पास लागतं आणि बाई तिथलीच रहिवासी असावी लागते. बालविकास शिकलेली मुलगी तिथं इतरांपेक्षा दोन पावलं पुढं असते, पण जागा निघायची वाट बघावी लागते. शिवणात हात चांगला असेल तर आयटीआयला शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, तिथं हाताला काम मिळतं. व्यवसाय अभ्यासक्रमाकडं, म्हणजे जुने लोक ज्याला एमसीव्हीसी म्हणतात तिकडं, पाळणाघर आणि बालवाडी चालवण्याचा कोर्सही होता. नववी-दहावीला काही शाळांत आता ब्युटी अँड वेलनेस, रिटेल, मल्टी स्किल असे विषय आलेत. झालं. नोकरीची यादी इथं संपते, आणि ती फार लांब नाही हे तुम्हालाही दिसतंय.

तरीही मी तुमच्या मुलीला 'ये' म्हणेन. का, ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया विड्या वळतात. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत मराठी. दहा बाय बाराची खोली, त्यात स्वयंपाक, अभ्यास, झोपणं, देवाचा कोनाडा, आणि मधोमध आईचं सूप. सुपात तंबाखू, बाजूला भिजवून फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याचं माप, कात्री, दोऱ्याचं रीळ. आता सांगा, हे घर की कारखाना? सरकारी कागदावर या बायका कामगार आहेत, घरातल्या माणसांच्या लेखी 'घरीच असते'. पुस्तकातलं गृहशास्त्र असं धरून चालतं की पुरुष कामावर जातो आणि बाई घर सांभाळते. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली, आणि तेव्हापासून हे गाव तसं कधी वागलंच नाही. बायका गिरणीत गेल्या, विडीला बसल्या, चादरींना गाठी मारत बसल्या. आमच्याकडं घर आणि धंदा एकाच छपराखाली. म्हणून इथं गृहशास्त्र हीच कामधंद्याची तयारी असते, असं माझं मत आहे. साहेबांना ते मी सांगितलं नाही, कारण त्यांना चहा हवा होता.

गृहव्यवस्थापनात 'कार्य सुलभीकरण' म्हणून एक धडा असतो. कमी हालचालीत, कमी दमून काम कसं करावं याचा. पुस्तकात चित्र आहे: शेगडी, सिंक, फ्रिज, आणि तिघांना जोडणारा त्रिकोण. पहिल्या वर्षी मी तो त्रिकोण इमानेइतबारे फळ्यावर काढला. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "बाई, सिंक नसेल तर त्रिकोण कुठनं काढायचा?" त्या दिवसापासून मी ते चित्र बंद केलं. आता मुलींना सांगते, आपल्या खोलीचा नकाशा काढा, आणि रविवारी दुपारी बारा ते चार आई सुपावरून किती वेळा उठते ते मोजून आणा. कशासाठी उठते तेही लिहा.

एका मुलीच्या वहीत आकडा आला एकतीस. पाणी प्यायला, पानांवर पाणी शिंपडायला, झोळीतलं बाळ हलवायला, दुधाखालचा गॅस बंद करायला, दाराशी आलेल्या कुणाला उत्तर द्यायला. नकाशात बाळाची झोळी अगदी सुपाच्या वर, हात पोचेल अशी. आईची सोय म्हणून. तंबाखूची धूळ उडते ती बाळाच्या नाकात. वर्गात कुणीही भाषण दिलं नाही. आम्ही नुसता नकाशा पुन्हा काढला. झोळी खिडकीच्या कडीला, तिची लांब दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याजवळ. पाण्याची कळशी उजव्या हाताला. पानांचं फडकं कळशीच्या बाजूला. पुढच्या रविवारी आकडा एकोणीस. आईनं मुलीला काय म्हटलं असेल? "उठत होते तेच बरं होतं बाई आधी, आता उठायला निमित्तच राहिलं नाही." पाय आखडतात म्हणे. तोही धडाच झाला. मग मधे उठून दोन चकरा मारायचं वेळापत्रकात घातलं.

दुसरं उदाहरण कापडाचं. शिवणाच्या तासाला आधी कागदाचे फर्मे कापायचे, मग ते कापडावर मांडायचे. नवी मुलगी पाठ, पुढा, बाही असे सरळ एकाखाली एक मांडत जाते आणि मधे तुकडे वाया जातात. एका वर्षी एक मुलगी, गणितात काठावर पास, कापडापुढं बसली आणि फर्मे फिरवायला लागली. बाही उलटी, कळी आडोशाला, गळ्याच्या पोकळीत खिशाचा तुकडा. उभा धागा-आडवा धागा मात्र अचूक सांभाळलेला, कुठंही चुकून उरेब, म्हणजे तिरका काप, नाही. बाकीच्यांना जिथं अडीच मीटर लागलं तिथं हिचं सव्वादोनात भागलं. म्हटलं, कुठं शिकलीस गं? मान खाली घालून म्हणाली, "पानं कापते की आईला." तेंदूच्या पानावर पत्र्याचं माप ठेवताना जाड शिर टाळायची, किडकं टाळायचं, आणि एका पानातून जास्तीत जास्त तुकडे काढायचे. सात वर्षांची असल्यापासून हात तेच करत होता. तिला ते काम शाळेत सांगायचीही लाज वाटत होती. आता ती एका गणवेशाच्या युनिटमध्ये कटिंगला आहे, आणि तिथला कटिंग मास्तर म्हणे कापडाचा थर लावण्याआधी तिला विचारतो. ही नोकरी मी लावली नाही. तिच्या हातात जे होतं त्याला वर्गात नाव मिळालं, इतकंच.

अन्नशास्त्राबद्दल थोडक्यात. शेंगा चटणी तर प्रत्येकीला येते, ती मी काय शिकवणार? मी विचारते ती खवट का होते. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल. उखळात कुटलं की ते बाहेर येतं, हवा आणि उजेड लागला की बिघडतं. बुरशीचा, काळपट, कडवट दाणा एक जरी गेला तरी नुसत्या चवीचा प्रश्न राहत नाही, त्यात विष असू शकतं. हे कळलं की निवडण्याचं काम सासूवर ढकलायचं नसतं हेही कळतं. आणि दर आठवड्याला शाळेत जी लोहाची निळी गोळी मिळते ती घेऊन वर चहा-भाकरी खाल्ली तर चहा ते लोह अंगी लागू देत नाही. चहा तासाभरानं, आणि जेवताना लिंबू पिळा. एवढं पाळलं तरी पुरे.

आता पैशाचं. हे मी पुस्तकाबाहेरचं शिकवते, कबूल आहे. घराचं अंदाजपत्रक हा धडा आहेच. मी त्यात कर्ज घालते. समजा बायकांच्या कर्जाच्या गटातून ५०,००० रुपये घेतले, 'शेकडा एक' महिना, बारा हप्ते. वर्षाचं व्याज ६,०००. मुली म्हणतात बारा टक्के. मग आपण फळ्यावर महिना-महिना मांडतो. दर हप्त्याला मुद्दल फिटत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर लागतं. वर्षभर सरासरी काढली तर तुमच्या हातात २७ हजारांच्या आसपासच रक्कम होती. तिच्यावर ६,०००, म्हणजे २२ टक्के. वर्गात जरा वेळ कुणी बोलत नाही. मग एखादी हळूच विचारते, "बाई, आईचं कर्जाचं कार्ड आणू का?" हा तास मला वर्षातला सगळ्यात आवडता. गणिताचे सर म्हणतात हे माझं काम आहे; मी म्हणते, मग करा.

या विषयाबद्दल माझ्याही मनात अढी आहेच. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, त्याच्या अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्र होतं. मुलींना त्यांच्या आयुष्याला उपयोगी पडेल असं शिकवावं, मातृभाषेत शिकवावं, हा विचार त्या काळी मोठाच. पण 'मुलींचं आयुष्य म्हणजे घर' ही गाठ तेव्हा जी बसली ती अजून सुटत नाही. अमेरिकेत या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत एलेन स्वॅलो रिचर्ड्स होत्या, चक्क रसायनशास्त्रज्ञ, पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या. त्यांच्या विषयाचं आपल्याकडं रुखवतात रूपांतर झालं.

त्याची शिक्षा मुलग्यांना होते. मागच्या जूनमध्ये एक मुलगा माझ्या दाराशी घुटमळत होता. वडील नाहीत, आई आजारी, सकाळी भाकऱ्या तोच थापतो. विषय घेता येईल का म्हणून विचारायला आलेला. बोर्डाचा नियम आडवा आला नाही, बाकावरची पोरं आडवी आली. "काय बे, आता रांगोळी काढणार का?" त्यानं इतिहास घेतला. याच्या उलट बघा: पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये जो मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय गेला, त्यात शेती, अभियांत्रिकी, ऊर्जा आणि गृह-आरोग्य हे सगळं मुलामुलींना सारखंच करावं लागतं. मुली वेल्डिंग करतात, मुलगे रक्तगट तपासायला शिकतात आणि चिक्की करतात. कुणी चिडवत नाही, कारण सगळेच करतात. विषय ऐच्छिक ठेवला की चिडवायला जागा राहते.

आणि एक तक्रार, नाव न घेता. पूर्वी मी एका शाळेत होते. तिथं आमच्या प्रयोगशाळेतली आठ शिलाई मशिन एका सुट्टीत गोदामात गेली, खोलीत संगणक आले. संगणकाला माझा विरोध नाही. पण दोन वर्षांनी गोदाम उघडलं तेव्हा उंदरांनी पट्टे खाल्लेले, आणि दहावीचा निकाल लागला की कमी मार्कांच्या मुलींना मात्र अजूनही 'गृहशास्त्राला टाका' असंच सांगत होते. मशिन नसलेल्या गृहशास्त्राला. मग दोन वर्षांनी त्याच मुलींकडं बोट दाखवून 'या विषयाला काही अर्थ नाही.' व्यवसाय अभ्यासक्रमांचं तेच. यंत्रं येतात, पण शिकवणारी तासिकेवर, तिचं मानधन कधी निघेल ते तिलाही ठाऊक नसतं. ती मधेच सोडून जाते आणि यंत्रावर धूळ बसते. मुलगी काय शिकते ते यावर ठरतं. म्हणून प्रवेश घेण्याआधी कुठल्याही शाळेत एवढं बघा: खोली उघडायला सांगा. मशिनवर दोरा ओवलेला आहे का, गॅसची टाकी भरलेली आहे का, शिकवणारी बाई कायम आहे का. माहितीपत्रकावर भरवसा ठेवू नका, आमच्याही.

तर भाऊ, तुमच्या मुलीचं. ती इंग्रजीत बरी आहे, चित्र चांगलं काढते, आणि धाकट्याला सांभाळता सांभाळता अभ्यास करते हे मला माहीत आहे. तिला विज्ञान हवं असेल तर विज्ञान द्या, मी वाईट वाटून घेणार नाही. गृहशास्त्रच हवं असेल तर निकालानंतर कुठल्याही दिवशी सकाळी अकराच्या आत या, दुपारी ऊन फार असतं. खोली उघडून दाखवते. येताना गुणपत्रिका आणा, आणि घरात गटाचं कर्ज असेल तर त्याचं कार्डही आणा.