लॅपटॉपच्या चार्जरने आणलेली घरघर: माझा अनुभव

घरी आवाज रेकॉर्ड करायचा म्हटलं की पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रीजपासून लांबची खोली. एवढं केलं की बराचसा गोंगाट संपतो, त्यावर फार लिहीत नाही. मला छळलं ते मागे सतत चालणाऱ्या बारीक घूंऽऽ आवाजाने. पंखा बंद असो वा चालू, तो तसाच.

ज्याच्याकडून ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा) घेतला त्याचं प्रत्येक वेळी एकच उत्तर, "माईक बदला." काय ऐकू येतंय, माईक कशाला जोडलाय, हे विचारायची तसदीही घेतली नाही. याचा राग अजून गेलेला नाही, कारण माईक ठणठणीत होता.

शेवटी रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख) उघडला. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत १००, १५० वर सरळ रेषा दिसल्या. (काही देशांत वीज ६० हर्ट्झची असते, तिथे ६०, १२०.) म्हणजे आवाज खोलीतला नाही, विजेचा. माईक काढला, घरघर चालूच. केबल बदलली, चालूच. मग हेडफोन कानाला लावून लॅपटॉपचा चार्जर उपसला आणि आवाज कापल्यासारखा थांबला. इतकं हायसं वाटलं! इंटरफेसला वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळते, त्याच वाटेने चार्जरची घाण आत येत होती. तेव्हापासून बॅटरी भरून घेते आणि चार्जर काढूनच बसते. स्पीकरही जोडलेले असतील तर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा. घरघर घालवायला अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका, जिवाशी खेळ आहे.

हो, अंतराचं सांगायचं राहिलं. माईक निम्म्या अंतरावर आणला की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो. मग गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, कमी करता येतो. कार्डिऑईड (समोरचा आवाज जास्त, मागचा कमी घेणारा) माईक असेल तर त्याची पाठ गोंगाटाकडे करा.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं नॉईज रिडक्शन (गोंगाट कमी करायची सोय) अगदी शेवटी, आणि हलक्या हाताने. जास्त लावलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. त्यासाठी सुरुवातीला काही सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा, नाहीतर नमुना घ्यायचा कुठून? आणि ब्राउझर बंद ठेवा, लॅपटॉप तापला की त्याचाही पंखा सुरू होतो.