आमची वाटचाल : गोदाकाठची एक दिवसाची सहल

ही सहल आखली तेव्हा कागदावर पाच गावे होती : कायगाव टोका, नेवासा, पैठण, आपेगाव आणि शहागड. आज थांबून पाहण्याची तीनच उरली आहेत. शहागड सर्वांत आधी गळाले. तिथवर जाऊन यायचे तर संध्याकाळ गाडीतच जाते.

दुसरा बदल दिशेचा. पैठण जवळ, म्हणून आधी पैठण, असा सुरुवातीचा हिशेब होता. तो चुकीचा निघाला. परतताना गाडी वाळूजला नेमकी कारखाने सुटण्याच्या वेळी पोहोचते आणि तासभर हलत नाही. म्हणून आता छत्रपती संभाजीनगरहून पहाटे सव्वासहाला पुणे रस्त्याने निघायचे, नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, दक्षिणेकडून वळसा घालायचा आणि पैठण रस्त्याने घरी. सतरा आसनी ट्रॅव्हलरला हा फेरा साधारण सव्वादोनशे किलोमीटर पडतो. बावीस-पंचवीस लिटर डिझेल धरावे, एसी लावून गाडी उभी ठेवली तर वर दोन-तीन लिटर.

कायगाव टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते. तिथे फक्त चहा. तळलेल्या माशांचा वास येतो आणि माळकरी मंडळी गाडीत असतील तर कुरबूर सुरू होते, म्हणून नोंदणी करतानाच खाण्यापिण्याचे विचारून घेतो. पुढे नेवासा, प्रवरेकाठचे. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये जिथे सांगितली गेली तो पैसचा खांब इथे आहे. चाळीस मिनिटे पुरतात. नेवासा-शेवगाव-पैठण हा टप्पा कंटाळवाणा. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे अर्धा तास जादा ठेवावा लागतो.

पैठणला आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो, पण जेवणाआधी पैठणी केंद्र. विणकर जेवायला उठले की नुसते माग बघण्यात कुणाला रस नसतो. पदराच्या नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या तिल्लीवरून, म्हणजे धाग्याच्या छोट्या कांडीवरून, येतो, आडवा धागा नेणारा धोटा सगळीकडे चालत नाही, म्हणून भरगच्च पदराला महिनोन् महिने लागतात. खरेदी करणाऱ्यांना एकच सांगतो, पदर उलटून बघा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते, यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कातरलेले दिसतात. इथे पाऊण तासाचा दीड तास होतोच. तो वेळ आम्ही आता धरूनच चालतो, भांडत बसत नाही.

जेवणानंतर गावातला संत एकनाथांचा नाथवाडा, मग नदीकाठची नाथसमाधी आणि नागघाट. नाथषष्ठीच्या, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीच्या, आठवड्यात ही सहल लावत नाही. यात्रेमुळे गाडी गावाबाहेरच अडते.

नवख्यांचा घोळ होतो तो पाण्याबाबत. लोकांना वाटते, नदी म्हणजे सगळीकडे सारखीच. जायकवाडीच्या वर पसरलेला जलाशय, पूर्ण पातळी 1522 फूट. धरणाखाली मात्र दरवाजे बंद असले की पैठणच्या पात्रात खडक दिसतात आणि आपेगावला बंधाऱ्याने अडवलेले पाणी असते. म्हणून जुलै ते ऑक्टोबर रोज सकाळी दोन आकडे पाहायचे : साठा किती टक्के आणि विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेले पाणी, किती क्युसेक (सेकंदाला घनफूट). धरण भरत आले की 27 दरवाज्यांपैकी काही उघडतात आणि घाटाच्या पायऱ्या काही तासांत पाण्याखाली जातात. 2006 च्या ऑगस्टमध्ये तर पैठण शहरातच पाणी शिरले होते. विसर्ग सुरू असेल त्या दिवशी स्नान बंद, हे पत्रकात ठळक छापतो.

जलाशयातला नौकाविहार मात्र छापत नाही. उन्हाळ्यात पातळी उतरली की काठ मागे सरकतो, मध्ये पोटरीभर गाळ राहतो. दुपारनंतर वारा सुटून लाटा उठतात. अंगात घालायची जीवरक्षक जाकिटे माणशी एक नसतील तर बोटीत बसवायचे नाही.

आपेगाव, ज्ञानेश्वरांचे जन्मगाव, साडेतीनला. अर्धा तास, फार तर पाऊण. तिथून सव्वाचारच्या पुढे निघालो तर छत्रपती संभाजीनगरातली पाणचक्की अंधारात बघावी लागते.

पाणचक्की खाम नदीच्या काठी, 1744 ची. दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांनी उताराने आणून उंचावरून हौदात सोडले आहे, त्याच जोरावर पूर्वी तिथल्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ दळले जाई. दिवसभर नद्या पाहिल्यावर हा शेवटचा थांबा लोकांना आवडतो, का ते माहीत नाही, पण फोटो सगळ्यांत जास्त इथलेच निघतात.

रात्री नान-खलिया. आठच्या आत पोहोचायचे, कारण मटणाचे पातेले संपले की दुसरे चढत नाही, उरतो तो पातळ रस्सा. गुरुवार, एकादशी, श्रावण असेल तर शाकाहारी थाळी आधीच सांगून ठेवायची. शेवटी गुलमंडीला इमरती, उडदाच्या पिठाची. ती कढईतून निघाल्या निघाल्या खायची. पुडा बांधून नेली तर घरी पोहोचेपर्यंत मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी तक्रार आमच्याकडे येते.