मुक्ती दिनाचा बॅनर

आज म्हापशात फ्लेक्सवाल्याकडे गेले होते, वाड्यावरच्या कार्यक्रमाचा १९ डिसेंबरचा बॅनर आणायला, आणि उघडून बघते तर हातभर अक्षरांत 'गोवा मुक्ती दीन'. पोटात धस्स झालं. अहो दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, लाचार! साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता १९६१ साली ज्या दिवशी संपली त्याच दिवसाला आपण लाचार म्हणायचं?

तो मुलगा म्हणाला, ताई, खीर, विहीर, जमीन सगळं दीर्घच असतं ना, म्हणून मी तसंच टाईप केलं. बरोबरच आहे त्याचं, मराठी शब्दांत असं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ येतं, पण दिन संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, त्याची वेलांटी पहिलीच राहते. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि विहीरचं परत विहिरीत होतं, फूलचं फुलाला, मग पोरं गोंधळणार नाहीत तर काय.

खाली इंग्रजीत 'किड्स' लिहिलेलं त्यातही एस च्या आधी अपॉस्ट्रॉफी, नुसतं अनेकवचन होतं तरी. ती खूण मालकी दाखवायला किंवा गाळलेल्या अक्षराच्या जागी, हे सांगितल्यावर त्याने लगेच काढली. बॅनर नवीन छापला, अर्धेच पैसे घेतले. जुना मी घडी करून घरी आणलाय, कुठे लावू देणार नाही.