टँकच्या तळाला खडीऐवजी वाळू

माशांच्या टँकच्या तळाला खडी असेल तर घाण खाली जाते, वाळू असेल तर ती वर राहते. खडी काढून वाळू टाकायची असेल तर आधी एवढी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फिल्टर कुठला, गाळ ओढायचा पाइप कसा फिरवायचा, थर किती जाड ठेवायचा, हे सगळं तिच्यावरूनच ठरतं. चार-पाच मिलिमीटरच्या खड्यांमध्ये मोकळ्या फटी असतात. उरलेलं खाद्य, विष्ठा, कुजकी पानं त्या फटींतून खाली उतरतात आणि वरून टँक छान दिसत राहतो. वाळूचे दाणे दाटीने बसतात, त्यामुळे गाळ वरच पडून राहतो. पहिल्या आठवड्यात अनेकांना वाटतं की वाळूमुळे टँक जास्त घाण होतोय. घाण तेवढीच असते, फक्त आता ती दिसते. आणि दिसणारा गाळ पाच मिनिटांत ओढून काढता येतो.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय दाण्याच्या आकाराचा. 0.5 ते 1 मिलिमीटर, म्हणजे जाड रव्यापासून खसखशीपर्यंतचा दाणा, उत्तम. मैद्यासारखी बारीक वाळू घट्ट बसते, तिच्यात पाणी खेळत नाही आणि मासा नुसता शेपटीने फिरला तरी ती उडते. मोहरीएवढा दाणा झाला की पुन्हा फटी आल्या, म्हणजे खडीचेच प्रश्न आले. दाणा गोलसर हवा. चिमूटभर वाळू अंगठा आणि तर्जनीत धरून जोर देऊन चोळा. टोचली तर तळाशी तोंड खुपसणाऱ्या माशांसाठी ती नको.

आपल्याकडे सहज मिळणारी आणि सगळ्यात भरवशाची वाळू म्हणजे पाणी शुद्धीकरणाच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका सँड. स्विमिंग पूलचं किंवा वॉटर ट्रीटमेंटचं सामान विकणाऱ्या दुकानात ती गोणीने मिळते. 16/32 मेश (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचा क्रमांक) मागितली की साधारण 0.5 ते 1 मिलिमीटरचा चाळलेला दाणा मिळतो. ॲक्वेरियमच्या दुकानातल्या छोट्या पाकिटांपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. बांधकामावरची क्रश सँड मात्र घेऊ नका. ती दगड फोडून केलेली असते, दाण्यांना धारदार कडा असतात आणि पूड इतकी असते की धुताना जीव नकोसा होतो. प्लास्टरसाठी चाळलेली नदीची वाळू चालते, पण तिच्यात माती किती आहे ते आधी पाहायला हवं. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश वाळू घाला, वर पाणी भरा, जोरात हलवा आणि तासभर ठेवून द्या. वाळूवर मातीचा तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड थर बसला तर ती वाळू सोडून द्यावी. रंग चढवलेली वाळूही टाळलेली बरी, कालांतराने रंग सुटतो.

समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण ती आणूच नये. किनाऱ्यावरून वाळू उचलण्यावर निर्बंध आहेत, हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे कोकणच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. तो हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा (क्षार) आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचं माप) वाढवतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे ते आधीच जड असतं. कुठलीही वाळू असो, मूठभर कोरडी वाळू वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता आणि दहा मिनिटं बारकाईने बघा. दाण्यांवर बारीक बुडबुडे सुटत राहिले तर त्यात चुना आहे. आफ्रिकेच्या मलावी तळ्यातले सिक्लिड मासे पाळणाऱ्यांना अशीच वाळू हवी असते, कारण त्या माशांना जड आणि अल्कधर्मी पाणी मानवतं. टेट्रा, तळाशी फिरणारे कोरिडोरास अशा माशांच्या टँकमध्ये तिचं काम नाही.

रत्नागिरीच्या बाजूच्या काळ्या वाळूचं आणखी एक आहे. तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचे कण असतात, त्यांतला मॅग्नेटाइट लोहचुंबकाला चिकटतो. मोटरवर चालणाऱ्या पॉवर फिल्टरच्या इम्पेलरमध्येही (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पंख्यात) चुंबकच असतो. असा दाणा आत ओढला गेला की इम्पेलरला चिकटून बसतो आणि गोल फिरत भोवतालची भिंत खरवडत राहतो. दुकानातून काळी वाळू आणलीत तरी फ्रिजवरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून एकदा फिरवा. पिशवीला काळी मिशी लागली तर ती वाळू पॉवर फिल्टरच्या टँकसाठी नाही.

वाळू किती घ्यायची? टँकच्या तळाची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला थराच्या जाडीने गुणा, हजाराने भागा. आले ते लिटर. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते. दोन फुटी टँकचा तळ 60 बाय 30 सेंटिमीटर धरला आणि थर 4 सेंटिमीटर ठेवला, तर 7.2 लिटर, म्हणजे जवळपास 11 किलो. धुताना थोडी वाहून जाते, म्हणून 12 किलो घ्यावी. थर 3 ते 4 सेंटिमीटर पुरतो. मुळांची झाडं लावायची असतील तर मागच्या बाजूला 6 पर्यंत न्यावा.

कोरडी वाळू ओतण्याआधी ती भिजवा. सिलिकाची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही, त्यामुळे कोरडी चाळणं तर नकोच. बादलीत एका वेळी दोन-तीन किलोच घ्या. नळी थेट तळाशी घालून पाणी सोडा, हाताने खालून वर ढवळा, दहा सेकंद थांबा आणि वरचं गढूळ पाणी ओतून टाका. पहिलं पाणी ताकासारखं दिसेल. आठ-दहा वेळा हेच करावं लागतं. हे पाणी मोरीत ओतू नका, वाळू पाइपच्या वळणात बसली तर प्लंबर बोलवावा लागतो. झाडांच्या आळ्यात किंवा अंगणात ओता. वाळू पुरेशी धुतली का हे बघायला काचेच्या ग्लासात मूठभर वाळू आणि पाणी घेऊन ढवळा, एक मिनिट थांबा आणि ग्लासामागे वर्तमानपत्र धरा. बातमीची अक्षरं वाचता आली की झालं.

चालू टँकमधली खडी काढताना सर्वात जास्त मासे दगावतात ते अंडरग्रॅव्हल फिल्टरमुळे. खडीखाली जाळीची प्लेट आणि कोपऱ्यात हवेच्या नळ्या अशी ही रचना अजून पुष्कळ घरांत आहे. वाळू आणि ही प्लेट एकत्र चालत नाहीत, दाणे जाळीतून खाली पडतात आणि सगळं तुंबतं. पण या टँकमध्ये घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः त्या खडीवरच राहतात. खडी एका दुपारी उचलून टाकली की फिल्टरच गेला. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागतात.

म्हणून आधी चार ते सहा आठवडे त्याच टँकमध्ये स्पंज फिल्टर (एअर पंपच्या हवेने स्पंजातून पाणी ओढणारा) जोडीला चालू ठेवा आणि त्याच्यावर जिवाणू बसू द्या. बदलाच्या दिवशी टँकमधलंच पाणी स्वच्छ टबात काढून मासे आणि स्पंज त्यात हलवा, एअर पंप चालू ठेवा, वर जाळी झाका. प्लेटखालचा काळा गाळ भयंकर असतो, त्याचा थेंबही माशांच्या टबात जाऊ देऊ नका. टँक साबण न लावता धुवा. जुन्या खडीतली किलोभर खडी टँकच्याच पाण्यात विसळून जाळीच्या पिशवीत बांधा आणि नव्या मांडणीत महिनाभर एका कोपऱ्यात ठेवा. पुढचे चार दिवस खाद्य अगदी कमी. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया तपासा. 0.25 मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा जास्त दिसला तर क्लोरीन घालवलेल्या पाण्याने पाव टँक बदला.

मांडताना मोठे दगड आधी थेट तळाच्या काचेवर ठेवा, मग भोवती वाळू भरा. वाळूवर ठेवलेला दगड खालून उकरला जातो आणि कलंडतो, कधी माशावर, कधी काचेवर. पाणी भरताना वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर हळू धार सोडा. इतकं करूनही पाणी एक-दोन दिवस धुरकट राहतं. त्या काळात स्पंज फिल्टर चालू ठेवा, पॉवर फिल्टर मात्र पाणी निवळल्यावरच लावा.

पॉवर फिल्टरचं तोंड वाळूपासून किमान 8 ते 10 सेंटिमीटर वर हवं आणि त्यावर स्पंजची टोपी घालावी. लाइट गेल्यावर पंप थांबतो, पाइपात तरंगणारे दाणे खाली येऊन इम्पेलरच्या खाचेत बसतात आणि लाइट आल्यावर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. असा आवाज आला तर लगेच बंद करून इम्पेलर बाहेर काढून धुवावा, नाहीतर मोटर तापते. स्पंज फिल्टर फरशीच्या तुकड्यावर ठेवा. एअर स्टोन आणि बुडबुडे सोडणारी खेळणी वाळूवर ठेवली तर भोवती खड्डा पडतो आणि दाणे सतत उडत राहतात. काच पुसायचा चुंबकी पुसा वाळूच्या रेषेच्या दोन बोटं वरच थांबवा. पॅडमध्ये अडकलेला एक दाणा काचेवर कायमचा ओरखडा काढतो.

सफाईची पद्धत पूर्ण बदलते. खडीत पाइप खुपसायचा असतो, वाळूत तो दोन-तीन सेंटिमीटर वर तरंगता धरायचा. दुसऱ्या हाताने किंवा पाइपच्या तोंडानेच हलकं वर्तुळ काढलं की गाळ उठतो, वाळू जागेवर राहते. नळी 10 ते 12 मिलिमीटरची पुरे. वाळू चढू लागली की बोटाने नळी दाबायची, दाणे परत खाली पडतात. थोडी वाळू बादलीत येणारच, धुऊन परत घालावी.

आठवड्यातून एकदा काडीने थर हलकेच टोचावा. पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा जाड आणि न हललेल्या थरात ऑक्सिजन पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काचेतून काळे डाग दिसतात आणि टोचल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो. असा डाग दिसला तर सगळी वाळू एकदम ढवळू नका. दर पाणीबदलाला हाताच्या पंजाएवढा भाग नळीने ओढून काढा. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी दिवसा वाळूत शिरून हे खुरपणीचं काम स्वतःच करतात. मात्र खाद्य जास्त पडत असेल तर त्या शेकड्यांनी वाढतात.

पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी लव येते आणि दोष सिलिकाला दिला जातो. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची असते, नव्या टँकमध्ये खडीवरही येते. सिलिका सँडमधले क्वार्ट्झचे दाणे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. डायटमना लागणारं सिलिकेट बहुतेक नळाच्या पाण्यातूनच येतं. पाणीबदलाच्या वेळी ओढून काढत राहा, ती आपोआप कमी होते.

वाळूत अन्नद्रव्य नसतं. व्हॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरीन तिच्यात चांगली धरतात, पण मुळाशी खताची गोळी खोचावी लागते. जावा फर्न आणि अनुबिआस दगडाला बांधा, त्यांचं खोड वाळूत गाडलं तर कुजतं.

एवढी मेहनत कशासाठी, हे कोरिडोरासच्या टँकसमोर दहा मिनिटं बसल्यावर कळतं. मासा डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, घास घेतो आणि दोन्ही कल्ल्यांतून वाळूच्या बारीक धारा सोडतो. खडीवर त्याला हे करताच येत नाही, आणि धारदार, घाणेरड्या तळावर त्याच्या मिशा झिजतात. पश्चिम घाटातल्या नद्यांचा रहिवासी असलेला झेब्रा लोचही असाच तळ चाळणारा. गोल्डफिश तर दिवसभर तोंडं भरभरून वाळू उचलतो आणि थुंकतो. मटारएवढा खडा त्याच्या घशात अडकू शकतो, वाळूत ती भीती नाही. तो झाडं उपटतो हे खरं, त्याच्या टँकमध्ये झाडं कुंडीत लावावीत. या माशांना बुडणारं खाद्य रोज एकाच कोपऱ्यात घाला, म्हणजे उरलेलं तिथेच सापडतं आणि अर्ध्या तासाने नळीने उचलून घेता येतं.