तुम्ही विचारलंत म्हणून: खोट्या बाईसाठी एवढा राग कशाला?

खोट्या गोष्टीतल्या खोट्या बाईसाठी मी चांगला चाललेला गट का सोडला, हे ब्रह्मपुरीपासून नागपूरपर्यंत इतक्या जणांनी हसत हसत विचारले आहे, की एकदाचे नीट लिहून मोकळी होते.

आम्ही मोबाइलवर मिळून गोष्ट लिहीत होतो. प्रत्येकाने पाळीपाळीने आपल्याच पात्राचे लिहायचे. माझे पात्र वैनगंगेवर डोंगा चालवणारी विधवा होती. रोवण्याचे दिवस होते. दिवसभर बांधीत वाकून घरी आले तर वीज नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल सुरू केला तेव्हा सावकाराच्या मुलाचे पात्र लिहिणाऱ्या गटातल्या एकाने माझी पाळी परस्पर उरकून टाकली होती: ‘सावकाराच्या मुलाने तिच्या हातातले वल्हे हिसकावले आणि ती घाबरून त्याच्या पाया पडली.’ त्याने वल्ह्याला हात घातला, इथे त्याचे वाक्य थांबायला हवे होते. वल्हे सुटले, की त्याचाच तडाखा त्याला बसला, हे लिहिणे माझ्याकडे होते. पुढे तो तिला म्हणतो, ‘तुझ्या नवऱ्याचे कर्ज मला ठाऊक आहे.’ ते कर्ज मी केवळ तिच्या मनातल्या विचारांत लिहिले होते. ते वाचले लिहिणाऱ्याने, सावकाराच्या मुलाने नव्हे.

दुहेरी कंसात, म्हणजे पात्राबाहेर येऊन, मी हरकत घेतली. ‘ताई, खेळच तर आहे,’ असे उत्तर आले. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक नायिकेला छळतो म्हणून ती नटी रुसून बसते का, असेही मला ऐकवण्यात आले. त्या नटीला आपला प्रवेश आधीपासून ठाऊक असतो; मला कोणी विचारले होते? १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मड’ या केवळ मजकुरातून खेळायच्या संगणकीय खेळात घाव लागला की हुकला, हे संगणक ठरवत असे. आमच्याकडे निकाल देणारे कोणीच नव्हते, म्हणून तर समोरच्याची संमती हवी.

खरे सांगायचे तर नियम मोडल्यापेक्षा ते पाया पडणे मला जास्त लागले. घरात आणि शेतावर कोणापुढे वाकायचे, हे मला फारसे ठरवता येत नाही. ती बाई मी मुद्दाम न वाकणारी केली होती.

पूर्वीची मी असती तर यावर हसली असती. आपले पात्र हरू द्या, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही, असे नव्या मुलांना मीच बजावत असे. आणि ते मला आजही पटते, कारण संमतीचा आग्रह धरणारे आमच्यातले बरेच जण कधी हरायलाच तयार नसत. मीही तिला कधी हरवले असते का, कोण जाणे. पण ते हरणे मी लिहायचे होते.

त्याने नंतर माफी मागितली, मात्र तोवर इतरांनी त्या प्रसंगावर पुढचे भाग रचले होते. त्यांचे कष्ट पुसायला सांगण्याचा हक्क मला आहे का, हे माझे अजून ठरलेले नाही. ते वाक्य तसेच ठेवून त्यापुढे मात्र माझ्याने लिहवत नाही.