राणीखेतमध्ये पत्ता विचारताना

"यहाँ एक लेखिका रहती हैं, उनका घर किधर है?"

राणीखेतच्या सदर बाजारात एका चहावाल्याला मी हे विचारलं आणि शेजारी उभ्या आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. चहावाल्याने गाळणं हवेतच धरलं, विचार केला आणि म्हणाला, "लेखपाल? लेखपाल तो तहसील में मिलेंगे."

लेखपाल म्हणजे आपला तलाठी. एकाहत्तर वर्षांच्या आईला घेऊन मी पुण्याहून उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या डोंगरात आले ती एका तलाठ्याला भेटायला, हा विनोद तिने पुढचे चार दिवस पुरवून पुरवून वापरला.

मला हव्या होत्या अनुराधा रॉय. म्हणजे भेटायला नव्हे, तेवढी माझी छाती नाही. फक्त घर बघायचं होतं, तेही लांबून. छप्पर, फाटक, जमलंच तर कुंड्या. लिहायला लाज वाटते, पण सहलीचं खरं कारण हेच होतं. आईला सांगितलेलं कारण हिमालय.

अनुराधा रॉय कोलकात्याच्या. दिल्लीतली प्रकाशनातली नोकरी सोडून त्या आणि त्यांचे पती रुकुन अडवाणी यांनी 2000 साली 'पर्मनंट ब्लॅक' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. इतिहास-राजकारणाची जाडजूड, विद्वानांची पुस्तकं आणि ती निघतात राणीखेतसारख्या गावातून, ह्याचंच मला पहिल्यांदा अप्रूप वाटलं होतं. मुखपृष्ठं त्या स्वतः करतात, मातीची भांडी घडवतात आणि मधल्या वेळात (की उरलेल्या वेळात?) कादंबऱ्या लिहितात. 2022चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'ऑल द लाइव्ह्ज वी नेव्हर लिव्ह्ड'ला मिळाला. पण माझं पुस्तक 2011चं, 'द फोल्डेड अर्थ'. ते राणीखेतमध्येच घडतं. नवरा रूपकुंड ह्या हिमालयातल्या तळ्याच्या वाटेवर वारला, म्हणून त्या डोंगरांच्या जवळात जवळ राहता यावं अशी जागा शोधत माया नावाची बाई इथे येते, शाळेत शिकवते, शाळेचा जॅमचा कारखाना बघते. शेजारी चारू नावाची गुरं राखणारी मुलगी आहे. तिचं ज्याच्यावर मन बसलंय तो दूर गावी जातो, पत्रं पाठवायला लागतो, आणि हिला तर अक्षर येत नाही. दुसऱ्या कुणाला ती पत्रं वाचू द्यायची नाहीत म्हणून ती मायाकडून लिहा-वाचायला शिकते. हा भाग मी बाबा गेले त्या वर्षी वाचला होता, रात्री, आईच्या खोलीतला दिवा बंद व्हायची वाट बघत.

असो. प्रवासाचं सांगते, कारण त्याशिवाय चीड निघायची नाही. दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला सोडते. तिथून राणीखेत साधारण 80 किलोमीटर, तीन तासांचं काम. भवालीच्या पुढे कैंची धाम लागतं, नीम करौली बाबांचं. मे महिना, शाळांच्या सुट्ट्या, वर शनिवार. दोन तास वीस मिनिटं आम्ही एका वळणावर उभ्या होतो. पुढे दिल्लीची गाडी, मागे दिल्लीची गाडी, खाली दरीत एवढीशी नदी आणि त्या नदीतही लोक पाय सोडून सेल्फी काढत बसलेले. आई म्हणाली, "आळंदीला कार्तिकीतसुद्धा लोक निदान पुढे सरकतात गं."

आणि एवढं करून हिमालय दिसला नाहीच. एकदाही नाही. मे महिन्यात इथली चीडाची, म्हणजे पाइनची, जंगलं पेटतात. चीडाच्या वाळलेल्या सुया, त्यांना इथे पिरूल म्हणतात, जमिनीवर वीतभर साठतात आणि काडी पडली की डोंगरच्या डोंगर धुमसत राहतो. सगळ्या गावावर दुधी धूर. आमचा ड्रायव्हर मात्र प्रत्येक वळणावर गाडी थांबवायचा आणि त्या धुराकडे बोट दाखवून सांगायचा, "माताजी, ये त्रिशूल, सात हज़ार एक सौ बीस मीटर. उधर नंदादेवी, सात हज़ार आठ सौ सोलह." आई हात जोडायची. मी विचारलं, दिसतंय का तुला काही? म्हणाली, "पंढरपूरला तरी गर्दीत कुठे धड दिसतं? पण तो असतो ना तिथे."

राणीखेत ही लष्कराची छावणी, कुमाऊँ रेजिमेंटचं घर. पहिलं परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा ह्याच रेजिमेंटचे. परेडच्या मैदानाला त्यांचं नाव आहे. छावणी म्हटलं की फलक आलेच. कादंबरीत एक छावणी अधिकारी गावभर बोधवचनं आणि सूचना लावत सुटलेला असतो, त्याला मी पूर्वी खूप हसले होते. आता आईने गाडीच्या खिडकीतून दिसेल तो फलक मोठ्याने वाचायचा सपाटा लावला तेव्हा हसू येईना. एका ठिकाणी गावाची स्थापना 1869 आणि उंची 1869 मीटर असं लागोपाठ वाचून तिने ठरवलं की रंगाऱ्याने घोळ केलाय. खरं तर दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण ती माझं ऐकेल तर शपथ.

हॉटेलचं नाव घेत नाही. गरम पाणी सकाळी सात ते आठ, पण ते आठला पाच कमी असताना येई, आणि 'व्हॅली व्ह्यू'च्या नावाखाली जनरेटरचं दर्शन. आलू के गुटके आणि भांगेच्या बियांची चटणी मात्र झकास. ("भांगेची" म्हटल्यावर आईने आधी चमचा खाली ठेवला. मग तीनदा मागून घेतली.) चौबटियाच्या सरकारी बागेत सफरचंदं अजून बोराएवढी होती. तिथे जर्दाळूचा जॅम घेतला, आणि मायाचा जॅमचा कारखाना आठवून मी उगाच भावूक होत होते तोवर आईने बरणी उन्हात धरून निकाल दिला, "पाक पातळ झालाय, साखरांब्याला असा चालत नाही." एका जुन्या चर्चमध्ये हातमाग बसवलेत, जवानांच्या विधवा तिथे लोकरीच्या शाली-ट्वीड विणतात. प्रार्थनेच्या बाकांच्या जागी धोट्यांचा खटखटाट. आई तिथे अर्धा तास काही न बोलता उभी राहिली, एक राखाडी शाल घेतली आणि भावात एक रुपयाही कमी करून मागितला नाही. हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

हिमालय बघायला कौसानीही केलं. धूर.

तिसऱ्या दिवशी अल्मोड्याच्या पुढे चितईला गेलो. गोलू देवतेचं देऊळ. हा देव न्यायाधीश. कोर्टात ज्यांचं काम अडलंय, घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही, ते इथे अर्ज करतात. अगदी खराखुरा, कागदावर, बरेचदा स्टँप पेपरवर. काम झालं की घंटा बांधायची. देवळाकडे जायच्या वाटेवर दोन्ही बाजूंना घंटा, करंगळीएवढ्यापासून ते मुलाच्या डोक्याएवढ्या, तारांवर, कमानींवर, एकीत एक अडकलेल्या, आणि त्यांच्या मधूनमधून कागद. काही प्लॅस्टिकमध्ये घातलेले, काहींची शाई पावसाने जांभळी होऊन पसरलेली. वारा आला की आधी कागद फडफडतात, मग घंटा वाजतात.

मी वाचायला लागले.

एक सरळ "सेवा में" असं सुरू होत होता, खाली विषय आणि शेवटी "प्रार्थी", जणू वीज मंडळाला लिहिलाय. एक वहीच्या रेघी पानावर होता, अक्षर शाळेतल्या मुलाचं, मजकूर मोठ्या माणसाचा. तिसऱ्याच्या दोन ओळींत एक अख्खी कादंबरी होती. पायाखाली नारळाच्या शेंड्या, डोक्यावर घंटा, आणि मी मान तिरकी करकरून एकामागून एक अर्ज वाचत चाललेय. फोन कधी बाहेर काढला कळलंच नाही. त्यात काय लिहिलं होतं ते इथे सांगणार नाही. फोटो एकच काढला होता, तोही पुसला.

"कुणाची पत्रं वाचतेयस?"

आई मागे उभी होती. दर्शन घेऊन आली होती, कपाळावर ओलं पिठ्या, म्हणजे इथला टिळा.

"पत्रं नाहीत गं, अर्ज आहेत. सगळ्यांसमोर टांगलेत."

"तुझ्यासाठी टांगलेत?"

मला काही बोलता येईना. चारूने फक्त आपली पत्रं आपण वाचावीत म्हणून अक्षरं गिरवली, आणि तिच्यावर डोळे भरून येणारी मी. मनात आलं की कादंबरीकार तरी दुसरं काय करतात. मग वाटलं, नाही, अनुराधा रॉय इथे वर्षानुवर्षं राहतात, पाणी भरतात, जंगल पेटलं की धूर खातात, कुणाच्या लग्नाला जातात, कुणाला खांदा देतात, आणि मग कधीतरी लिहितात, तेही नाव बदलून. मी चार दिवसांसाठी आले होते, गरम पाण्याची तक्रार करत.

"पेन दे," आई म्हणाली.

"कशाला?"

"दे म्हटलं ना. आणि तुझ्या डायरीतलं एक पान."

ती पायरीवर बसली, डायरीचा पुठ्ठा मांडीवर घेतला आणि लिहायला लागली. बाबा गेल्यापासून तिने वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. पाऊण पान झालं. मधे एकदा थांबून तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी एका माकडाकडे बघतेय असं दाखवलं.

"मराठीत लिहिलंस? ह्या देवाला मराठी येतं का?"

"न्यायाधीश आहे ना? दुभाष्या ठेवला असेल."

तिने कागदाची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक, इतकी की तो बसच्या तिकिटाएवढा झाला. पर्समधून केसांचं काळं रबर काढलं आणि तारेला, दोन घंटांच्या मधल्या फटीत, घट्ट बांधला. मी हातभर अंतरावर होते. अक्षर बाहेर दिसू नये इतकी काळजी ह्या देवळात दुसऱ्या कुणी घेतली असेल असं मला वाटत नाही.

परतीच्या गाडीत तिला झोप लागली. मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

शेवटच्या दिवशी बाजारात काफल घ्यायला थांबलो. जांभळट लाल, मण्यांएवढी फळं, कागदाच्या पुडीत, वर मीठ. बी मोठी आणि गर नावाला, तरी हात थांबत नाही. तोच चहावाला. मला पाहिल्याबरोबर गल्ल्यावरून उठून बाहेर आला, जणू मी त्याची उधारी द्यायला आलेय.

"मैडम, पता चल गया! लेखपाल नहीं, लेखिका. किताब वाली. मैंने दो जनों से पूछा. लिख के दूँ?" आणि त्याने कानामागचं पेन्सिलीचं थोटूक काढलंसुद्धा.

आई पुडीतून डोकं वर काढून म्हणाली, "चल ना मग. आता एवढं शोधलंय त्याने. नुसतं बाहेरून तर बघायचंय."

"रहने दो, भैया," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. दोन जणांना विचारलं होतं त्याने, माझ्यासाठी. मी काहीतरी बडबडले, ट्रेनची वेळ, माताजी थकल्यात. माताजी तिकडे टणाटण बिया थुंकत होत्या. पेन्सिल परत कानामागे गेली. आम्ही चहा घेतला, तो नेहमीपेक्षा गोड होता. निघताना पैसे द्यायला गेले तर त्याने शेजारच्या काफलवाल्याकडे बोट दाखवलं. त्याचे द्या म्हणाला, चहाचे नकोत.